सात कोटींची शिल्लक आणि मिठाचा मण

२६ मार्च १९०२. कलकत्ता. व्हाइसरॉयच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलण्याचा दिवस. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदनही झाले होते. मग मुंबई प्रांताचे नवे प्रतिनिधी बोलायला उभे राहिले. वय पस्तीस, पेशा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकाचा, या सभागृहातले अंदाजपत्रकावरचे पहिलेच भाषण. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले की या अभिनंदनात सामील व्हायला आपले मन धजत नाही. एवढी मोठी शिल्लक हिंदुस्थानच्या हिशेबात पूर्वी कधी दिसली नव्हती, आणि म्हणूनच ती दुखावणारी होती. लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी काही संबंधच उरला नाही, हे तिच्यावरून दिसत होते.

या एका वाक्यासाठी मी ते भाषण पुन्हा पुन्हा काढतो. सव्वाशे वर्षांनंतरही प्रत्येक अर्थसंकल्पाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, आणि तो विचारण्यासाठीच आपण खासदार निवडून देतो, असे मला वाटते.

तो काळ आठवा. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या जोडीने मुंबई-पुण्यात प्लेग, लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा त्याहून भीषण दुष्काळ. घाटावरची गावेच्या गावे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. जनावरे मेली होती, सावकाराचे खाते फुगले होते. आणि सरकारी वहीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती. ही शिल्लक आली कुठून?

उत्तर चांदीत होते. आपला रुपया चांदीचा, विलायतेचा पौंड सोन्याचा. चांदीचा भाव घसरला तसा रुपया उतरत गेला आणि १८९४-९५ च्या सुमारास साधारण १३ पेन्सवर आला. लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेल्या हमीचे पैसे अशी सगळी देणी पौंडात चुकवावी लागत. ‘होम चार्जेस’ म्हणतात ती हीच. रुपया उतरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये मोजायचे. ही खोट भरून काढायला कर वाढले. १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, रुपयाची टंचाई करून त्याचा भाव चढवला आणि काही वर्षांत तो १६ पेन्सवर स्थिर झाला. आता हिशेब करा. पौंडात २४० पेन्स. १३ च्या भावाने एका पौंडाला सुमारे साडेअठरा रुपये पडत, १६ च्या भावाने पंधरा. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. देणी वर्षाला दीड कोटी पौंडांच्या वर होती, म्हणजे पाच कोटींहून अधिक रुपये नुसत्या भावाच्या फरकाने सुटले. ज्या अडचणीसाठी कर वाढवले ती अडचण संपली, पण कर तसेच राहिले. शिल्लक पडली ती मुख्यतः यातून. कुणाच्या कणगीत पायलीभर जोंधळा त्यामुळे वाढला नव्हता.

गोखल्यांनी हे आकड्यांनिशी मांडले. हे आकडे एकट्याच्या अभ्यासाचे नव्हते, हेही सांगायला हवे. न्यायमूर्ती रानडे नुकतेच, जानेवारी १९०१ मध्ये गेले होते, पण सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या कामात त्यांनी लावलेली शिस्त शिष्याच्या अंगी मुरली होती. आणि आकडेवारीसाठी गोखल्यांचा मोठा आधार होता तो गणेश व्यंकटेश जोशी या सरकारी शाळेतल्या हेडमास्तरांचा. (सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी वेगळे. नावांमुळे या दोघांची गल्लत होते आणि हेडमास्तरांच्या वाट्याचे श्रेय हरवते.) दिवसा वर्गात शिकवणारा आणि उरलेल्या वेळात सरकारी अहवाल उकलत बसणारा हा माणूस लोकांपुढे फारसा आला नाही. तरीही साम्राज्याच्या अर्थमंत्र्याला ज्यांची उत्तरे द्यावी लागली त्या आकड्यांमागे त्याची मेहनत होती. आज खासदाराच्या दिमतीला असा एक तरी अभ्यासक असतो का? मदतनीस असतात, पण ते बहुतेक मतदारसंघातली पत्रे, शिफारशी आणि भेटीगाठी सांभाळतात.

गोखल्यांनी पहिला हात घातला तो मिठाला, आणि त्यांचे अर्थकारण मला सर्वांत स्पष्ट दिसते ते तिथेच. मीठ हजार रुपये कमावणारा जेवढे खातो तेवढेच बिगारी खातो, घाम गाळणारा असेल तर थोडे जास्तच. म्हणून मणाला अडीच रुपये हा कर दिसायला सगळ्यांना सारखा आणि प्रत्यक्षात गरिबाच्या मिळकतीतून सर्वांत मोठा तुकडा तोडणारा होता. मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही, याकडे त्यांनी बोट दाखवले. माणसे मिठातसुद्धा काटकसर करत असतील तर देश समृद्ध होतो आहे या म्हणण्याला काय अर्थ? त्या काळी ना राष्ट्रीय उत्पन्नाचे खात्रीचे आकडे होते ना घरोघरच्या खर्चाची पाहणी. गोखल्यांनी लोकांची स्थिती मोजायला स्वयंपाकघरातले माप वापरले.

त्याचा परिणाम झाला. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, १९०७ मध्ये एका रुपयावर. १९०३ मध्येच प्राप्तिकराची माफीची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. सगळे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. काँग्रेस अनेक वर्षे हीच मागणी करत होती, आणि शिल्लक इतकी ठसठशीत होती की तिचे काहीतरी करणे भागच होते. पण ती शिल्लक लष्कराकडे किंवा रेल्वेकडे न वळता मिठाकडे वळावी यासाठी दरवर्षी मार्चमध्ये, सरकारचेच आकडे समोर ठेवून, भांडावे लागले.

आणि हे भांडण मत देण्याचा अधिकार नसताना झाले. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मतदान मागण्याची नाही. गोखल्यांनी एक रुपया कमी करा म्हटले तरी सभागृहाला तो करता येत नव्हता. मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर, १९०९ च्या कायद्याने, ठराव मांडता येऊ लागले. पण केंद्रीय विधिमंडळात बहुमत सरकारी सभासदांचेच होते आणि ठराव मंजूर झाला तरी सरकारवर बंधन नव्हते.

आज आपल्या संसदेकडे पूर्ण अधिकार आहे. संविधानाच्या ११३ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक खात्याची मागणी लोकसभेसमोर येते. ती मंजूर करणे, नाकारणे किंवा तिच्यातली रक्कम कमी करणे लोकसभेच्या हाती आहे. त्यासाठी कपात सूचना आहेत. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना, उधळपट्टी दिसली तर ठरावीक रक्कम छाटण्याची, एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर शंभर रुपये कमी करण्याची. यातली एकही गोखल्यांच्या हाती असती तर त्यांनी तिचे काय केले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत आणि मागण्या तपासायला त्यांना वेळ मिळावा म्हणून अधिवेशनाला मध्ये सुट्टीही दिली जाते.

प्रत्यक्षात होते असे की चार-दोन खात्यांवर चर्चा होते, उरलेल्या सगळ्या मागण्या ठरलेल्या दिवशी एकत्र मतास टाकल्या जातात. याला संसदेच्या भाषेत गिलोटिन म्हणतात. मार्च २०१८ मध्ये सगळा अर्थसंकल्प लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाला. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला तशीच काही मिनिटांत मान्यता मिळाली. दोन्ही वेळा सत्ताधारी म्हणाले विरोधक कामकाज चालू देत नाहीत, विरोधक म्हणाले सरकार आमचे मुद्दे घेत नाही. कोणत्या पक्षाची चूक किती, हे मोजत बसण्यात मला रस नाही. पण हौद्यात उतरून घोषणा देणाऱ्यांनी त्या दिवशी सरकारला सर्वांत सोपी मोकळीक दिली, आणि मागण्या तशाच रेटून नेणाऱ्यांनी त्यांना निवडून देणाऱ्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्क काढून घेतला. दोन्हीही मला अक्षम्य वाटते.

यापेक्षा गंभीर गोष्ट मला वेगळीच दिसते. मोठे आर्थिक निर्णय अर्थसंकल्पाच्या बाहेरच होऊ लागले आहेत. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी पणजीत कंपनी कराच्या कपातीची घोषणा केली आणि त्यासाठी अध्यादेश निघाला. सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, नव्या कारखानदारीसाठी १५ टक्क्यांवर. त्या वर्षी सरकारने यातून सोडलेले उत्पन्न १ लाख ४५ हजार कोटी रुपये असेल, असे सरकारनेच सांगितले. २०२५-२६ साली केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला मिळालेली सगळी तरतूद सुमारे १ लाख २८ हजार कोटींची होती, यावरून त्या आकड्याचा अंदाज यावा. संसदेने तो कायदा नंतर, हिवाळी अधिवेशनात संमत केला. तोवर निर्णय अमलात आलेला होता.

कर कमी केला की कंपन्या गुंतवणूक करतील, गुंतवणुकीतून रोजगार येईल, रोजगारातून मागणी वाढेल असे त्यामागचे गणित होते. गणित मुळातच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. कोविडने सगळेच हिशेब विस्कटले. पण २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत सरकारच्याच मुख्य आर्थिक सल्लागारांनी लिहिले की आर्थिक वर्ष २०२० ते २०२३ या काळात कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला आणि नोकरभरती व वेतनवाढ मात्र त्या मानाने फार मागे राहिली. हे वाचताना मला सात कोटींची शिल्लक आठवली. एका वहीत भरभराट, दुसऱ्या वहीत जेमतेम. दोन्ही वह्या शेजारी ठेवून मेळ का बसत नाही असे विचारणे हे खासदाराचे काम आहे. कुणी विचारलेच नाही असे नाही, विरोधी बाकांवरून भाषणे झाली. पण समितीसमोर साक्षी काढून, कंपन्यांचे ताळेबंद मागवून, ही सवलत चालू ठेवावी का यावर मत घेतले गेले असते तर त्याला विधिमंडळाची छाननी म्हणता आले असते.

आर्थिक वाढ कशातून होते यावर गोखल्यांचे मत ठाम होते आणि ते त्यांनी दहा वर्षे बदलले नाही. सैन्यावरचा वाढता खर्च आवरा, शेतसारा आणि गरिबांवरचे कर हलके करा, आणि जो पैसा हाती राहील तो शिक्षण, आरोग्य आणि पाटबंधाऱ्यांवर घाला. यातला शिक्षणाचा भाग त्यांनी शेवटी कायद्याच्या रूपात आणला. १९०१ च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होते. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात फार काही मागितलेले नव्हते: ज्या नगरपालिका आणि जिल्हा मंडळे तयार असतील त्यांना आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करता यावी. खर्चाची विभागणीही त्यांनी आधीच सुचवली होती, दोन हिस्से सरकारचे, एक हिस्सा स्थानिक संस्थेचा. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग सुरू करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले होते, त्यामुळे ‘इथे हे जमणार नाही’ म्हणायलाही जागा नव्हती. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधात सरकारी सभासद होते तसे काही हिंदी जमीनदारही होते. साक्षर मजूर महाग पडेल, अशी त्यांच्या वर्गात भीती होती.

पुढे स्वतंत्र भारताला शिक्षणाचा मूलभूत हक्क संविधानात घालायला २००२ उजाडले आणि तो कायद्याने अमलात यायला १ एप्रिल २०१०. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा म्हटले. २०२० च्या शिक्षण धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा आला, कारण मधल्या चौपन्न वर्षांत तो गाठलाच गेला नाही. शिक्षणावरचा बहुतेक खर्च राज्ये करतात हे खरे आहे, त्यामुळे केंद्राच्या एका आकड्यावर बोट ठेवून सगळा दोष दिल्लीला देता येत नाही. पण केंद्राकडे मोठे हात आहेत. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. त्यातले १२ लाख ७६ हजार कोटी व्याजात गेले, म्हणजे दर चार रुपयांतला एक. भांडवली खर्च ११ लाख २१ हजार कोटी. त्याच अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न नव्या करप्रणालीत प्राप्तिकरातून सुटले, त्यात सरकारने अंदाजे १ लाख कोटींच्या उत्पन्नावर पाणी सोडले. मध्यमवर्गाला दिलासा मिळाला याचे मला दुःख नाही, माझ्या घरातही तो आला. पण तो लाख कोटी आणि शिक्षणाचे सव्वा लाख कोटी यांची तुलना करून, पुढच्या पंधरा वर्षांच्या वाढीसाठी यातला कोणता रुपया जास्त उपयोगी, अशी चर्चा सभागृहात रंगलेली मला दिसली नाही. रस्ते, बंदरे, रेल्वेमार्ग हवेतच. त्यांवरून माल जाईल. तो माल बनवणारी, हिशेब ठेवणारी, यंत्र दुरुस्त करणारी मुलगी आज जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत बसली आहे तिथे चार इयत्तांना दोन शिक्षक असतील, तर त्याची किंमतही वाढीच्या आकड्यातच मोजावी लागेल. गोखल्यांनी शिक्षणाला दया किंवा धर्मादाय म्हणून मागितले नव्हते. ते देशाची उत्पादक ताकद म्हणून मागितले होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. खासदारांना खर्चावर खरा अधिकार दिला तर प्रत्येक जण आपल्या तालुक्यासाठी पूल आणि सभामंडप मागेल, तूट वाढेल, शिस्त मोडेल. राज्याराज्यांतल्या निवडणुकीपूर्वीच्या घोषणा पाहिल्या की ही भीती खोटी वाटत नाही. मात्र आपल्या संविधानात याची सोय आहे. नवा खर्च सुचवण्याचा अधिकार फक्त सरकारला आहे. खासदाराला मागणी कमी करता येते, वाढवता येत नाही. म्हणजे जो अधिकार झोपून आहे तो छाटण्याचा आणि जाब विचारण्याचा आहे. तो जागा झाला तर उधळपट्टी वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता जास्त. आणि गोखले स्वतः तुटीचे कैवारी नव्हते. काटकसरीचा आग्रह त्यांच्याइतका त्या सभागृहात क्वचितच कुणी धरला असेल.

तो अधिकार जागा होत नाही याचे मोठे कारण १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. पक्षादेशाविरुद्ध मत दिले की खासदारकी जाऊ शकते, आणि अर्थसंकल्पाच्या मतदानाला पक्षादेश निघतोच. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की ही शिक्षा विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावांच्या मतदानापुरतीच ठेवावी. शंभर रुपयांच्या कपात सूचनेवर सत्ताधारी पक्षाच्या सदस्याने विरोधी मत दिले म्हणून सरकार कोसळले पाहिजे असे नाही. असा संकेत दोन्ही बाजूंनी मिळून ठरवता येईल. त्याच्या जोडीला दोन गोष्टी मला तातडीच्या वाटतात. ज्या खात्याच्या मागणीवर सभागृहात चर्चा होणार नाही, तिच्यावरचा स्थायी समितीचा अहवाल निदान मतदानापूर्वी सभागृहात मांडून सरकारने त्याला तिथेच उत्तर द्यावे. आणि संसदेच्या स्वतःच्या पगारावर, कोणत्याही मंत्रालयाच्या हाताखाली नसलेले, आकडे तपासणारे कार्यालय असावे. म्हणजे प्रत्येक खासदाराला त्याचा हेडमास्तर जोशी मिळेल अशी व्यवस्था, दुसरे काही नाही.

कोकणाने या कामाची माणसे दिली आहेत. गोखल्यांचा जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. त्याच जिल्ह्यातल्या राजापूर मतदारसंघाने मधु दंडवत्यांना पुन्हा पुन्हा लोकसभेत पाठवले. विरोधी बाकावर असताना ज्या बारकाईने ते मागण्या वाचत त्याच बारकाईने १९९० साली त्यांनी अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडला. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख तर अर्थमंत्रिपद सोडताना मुंबईसह महाराष्ट्र राज्याच्या प्रश्नावर स्पष्ट बोलून बाहेर पडले. यांच्यानंतर आपण उमेदवाराला काय विचारतो? रस्ता कधी, पाणी कधी, बदली कधी.

लोकसभेच्या कामकाजाच्या नोंदी आता सगळ्यांना घरबसल्या पाहता येतात. कुणी कोणत्या मागणीवर कपात सूचना दिली, काय बोलले, कोणत्या स्थायी समितीच्या बैठकीला हजर राहिले, सगळे तिथे आहे. येत्या मार्चमध्ये आपल्या खासदाराचे नाव तिथे शोधा. सापडले तर त्यांना पत्र लिहून कळवा की आम्ही वाचले. नाही सापडले तर तेही लिहा.